पंचगंगेचा दगडी पूल आणि 'मच्छिंद्री'ची खूण

पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या शिरोळ तालुक्यातील माणसे एकमेकांची खुशाली विचारण्याआधी पाण्याची खबर विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले, सांगलीत आयर्विन पुलाजवळ किती झाले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे प्रश्न लहान पोरांच्याही तोंडी असतात. कोल्हापूरकडची जुनी माणसे मात्र फुटांची भाषा फारशी बोलत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे : "मच्छिंद्री झाली का?"

ही मच्छिंद्री म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी पुलाच्या दगडी कामातील माशाच्या आकाराची खूण होय. पंचगंगेचे पाणी चढत चढत त्या माशाला टेकले, म्हणजे 'मच्छिंद्री झाली' असे म्हणावयाचे. एवढे कानावर आले की नदीकाठची माणसे पुढचे ओळखत. पुलाची शोभा म्हणून दगडात बसलेला एक आकार हजारो लोकांच्या रोजच्या व्यवहारातील माप होऊन बसला. या पुलाची व त्या खुणेची हकिगत आपल्या गावकऱ्यांपुढे मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत पुलाचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. देऊळ, घाट, विहीर, धर्मशाळा आणि पूल ही सारी आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने एकाच जातीची कामे होती. ती चार लोकांसाठी करावयाची, दगडात करावयाची आणि पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडतील अशी करावयाची. शिवाय जुने दगडकाम सांभाळावे कसे, हा प्रश्न आज देवळाला जसा पडला आहे तसाच पुलालाही पडलेला आहे.

नदी आणि वाट

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या व गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. हा संगम कोल्हापूरच्या वायव्येस प्रयाग चिखली येथे आहे. तेथून नदी ब्रह्मपुरीच्या टेकडीला वळसा घालून कोल्हापूरच्या घाटावर येते, पुढे कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून वाहत पूर्वेकडे निघते आणि आपल्या तालुक्यात शिरून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. म्हणजे ज्या पाण्याने कोल्हापुरात पुलाचे दगड ओले होतात, तेच पाणी पुढे आपल्या शिवारात येते. कोल्हापूरच्या पुलाशी आपला संबंध येतो तो असा.

नदी ओलांडण्याची जागा ब्रह्मपुरीजवळ असणे साहजिकच होते. कोल्हापुराहून पन्हाळ्यास, जोतिबास, मलकापुरास आणि पुढे आंबा घाटाने साखरपा, पाली व रत्नागिरीस जाणारी वाट येथूनच नदीपार होते. वर देशावरचा गूळ, तंबाखू, मिरची खाली कोकणात जावयाची आणि कोकणातील मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यावयाची. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाणाऱ्या सासनकाठ्याही नदी ओलांडूनच डोंगराची वाट धरीत. उन्हाळ्यात बैलगाड्या उतारातून पार होत. परंतु मृग लागला आणि नदीला पाणी आले की सारा व्यवहार नावेवर येऊन पडे. पाणी फार चढले म्हणजे नावही बंद. मग माल अलीकडे आणि गिऱ्हाईक पलीकडे अशी गत होई. अडल्यानडल्या वेळी गुळाची काहीलसुद्धा नावेसारखी पाण्यात सोडण्याची आपल्याकडील रीत वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. चार महिने नदी म्हणजे भिंत, असेच जुन्या काळचे गणित होते.

पुलाचा काळ

हा पूल १८७४ ते १८७८ या चार-पाच वर्षांत उभा राहिला. त्या वेळी कोल्हापूर संस्थानात काय चालले होते, ते थोडे पाहिले पाहिजे.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये विलायतेच्या प्रवासास गेले. परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचे अकाली निधन झाले. परमुलखात, परधर्मीयांच्या शहरात, आर्नो नदीच्या काठी हिंदू रीतीप्रमाणे त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. जागा निवडली ती मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते त्या संगमाची. संगमाचे महत्त्व आपल्याला निराळे सांगावयास नको. पुढे १८७४ मध्ये तेथे महाराजांची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आणि तिच्यातील अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला, तेच हे मँट. शंभर वर्षांनी त्या जागेजवळ आर्नोवर मोठा आधुनिक पूल झाला. १८७८ साली आपला पूल पुरा झाला, १९७८ साली तो खुला झाला. इटालियन लोकांनी त्याला नाव दिले, 'त्या हिंदी माणसाचा पूल'. कोल्हापूरच्या राजाच्या आठवणीने परदेशातील एका पुलाला नाव मिळावे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

महाराजांच्या पश्चात १८७१ मध्ये शिवाजी महाराज (चौथे) दत्तक आले. ते लहान असल्यामुळे कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला. त्या राजाची पुढे जी दैना झाली आणि १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा जो दुर्दैवी अंत झाला, तो कोल्हापूरच्या इतिहासातील काळा अध्याय आहे. मात्र याच काळात कोल्हापुरात दगडी इमारतींची, रस्त्यांची व पुलांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली, हेही नमूद केले पाहिजे. टाऊन हॉल त्याच दशकातील आणि पंचगंगेचा पूलही त्याच दशकातील. इंग्रजांना घाटवाटेने बंदरापर्यंत बारमाही रस्ता हवा होता. त्यात त्यांचा स्वार्थ होता. पण पुलावरून जाणाऱ्या बैलाला तो कोणाच्या स्वार्थासाठी बांधला याची पर्वा नव्हती. पावसाळ्यात पलीकडे जाता येते, एवढे त्याला पुरे होते.

या पुलानंतर तेरा वर्षांनी, १८९१ मध्ये, शाहू छत्रपतींच्या काळात कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला व तो आपल्याच तालुक्यातून कृष्णा ओलांडून मिरजेस गेला. पश्चिमेस घाटरस्त्याचा पूल आणि पूर्वेस आगगाडी, अशी कोल्हापूरची दोन्ही दारे उघडली. आज रत्नागिरी, कोल्हापूर, मिरज आणि सोलापूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ या क्रमांकाचा आहे. रत्नागिरी-कोल्हापूर हा त्याचा भाग पूर्वी २०४ क्रमांकाने ओळखला जाई. त्याच वाटेने पूर्वेस आले की माणूस जयसिंगपूरच्या बाजूस म्हणजे आपल्या घरी पोहोचतो.

दगडाला दगडाने धरून ठेवणे

या पुलाकडे घाटावरून पाहिले म्हणजे एकामागून एक काळ्या दगडाच्या कमानी पाण्यात उतरलेल्या दिसतात. आत लोखंडाच्या सळया नाहीत, सिमेंट नाही. मग हे ओझे तोलते कोण, असा प्रश्न शाळेतील मुले विचारतात. तो विचारण्यासारखाच आहे.

आपल्या तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर सर्वांच्या परिचयाचे आहे. शिलाहारांच्या काळातील ते काम. तेथे यादव राजा सिंघण याचा शके ११३६ मधील शिलालेख आहे. त्या मंदिरात खांब उभे करून त्यावर दगडी तुळया आडव्या टाकल्या आहेत. या रीतीने केलेले काम सुंदर व मजबूत होते. पण दगडी तुळई फार लांब करता येत नाही. दगड दाब कितीही सोसतो, परंतु वाकवले की मोडतो. त्यामुळे खांब जवळ जवळ घ्यावे लागतात. देवळात खांबांची दाटी शोभून दिसते, पण वाहत्या नदीत ती चालत नाही. पुरात आलेली झाडे, ओंडके खांबांत अडकतात, पाणी तुंबते आणि पूल उलथतो.

यावर तोड म्हणजे कमान. कमानीतील प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद व खाली निमुळता घडवलेला असतो. वरून भार आला की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो, तो पुढच्याला रेटतो, आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरून जमिनीत जातो. भार जितका पडेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. आपल्या मोटेच्या विहिरींच्या कमानी आणि जुन्या वाड्यांचे दरवाजे याच युक्तीवर उभे आहेत.

अशा पुलांचे काम त्या काळी कसे चाले, तेही सांगितले पाहिजे. आधी उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले की पाणी एका बाजूला वळवून खडकापर्यंत पाया खणावयाचा. पायासाठी खडक लागला की निम्मे काम फत्ते झाले असे गवंडी मानीत. मग खांब वर आणावयाचे. प्रवाहाच्या बाजूला खांब टोकदार ठेवावयाचा, म्हणजे पाणी नावेच्या नाळेने कापावे तसे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. खांब उभे राहिले की त्यांच्यामध्ये कमानीच्या आकाराचा लाकडी सांगाडा उभा करावयाचा. त्यावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी घडीव दगड रचत आणावयाचे. एक बाजू पुढे व दुसरी मागे राहिली तर सांगाडा कलतो. शेवटी अगदी माथ्यावर कळीचा दगड ठोकून बसवावयाचा. तो बसला की कमान पुरी झाली. चुना आळल्यावर सांगाडा हळूहळू सैल करून काढून घ्यावयाचा. तो क्षण सर्वांच्या कसोटीचा. खालचे लाकूड निघाले आणि कमान जागेवर राहिली, म्हणजे गवंड्याने जिंकली.

चुना बैलाच्या घाणीत मळला जाई. भाजलेली चुनखडी विझवून, वाळू घालून, दगडी चाकाखाली तासन् तास मळून निघालेला चुना लोण्यासारखा मऊ असे. तो सावकाश आळतो, पण वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. शिवाय तो थोडासा लवचीक राहतो. उन्हाने दगड तापला, पावसाने निवला, तर दगड हलल्यासारखा करतो आणि चुना त्याला सांभाळून घेतो. ही गोष्ट पुढे निगा राखण्याच्या संदर्भात पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

असली कामे ज्यांनी केली ते पाथरवट, वडार, गवंडी, चुनेवाले, सुतार, लोहार यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. कोणाच्या कारकिर्दीत पूल झाला ते कागदात राहते. दगड खाणीतून कोणी काढला, कोणाच्या हाताला सुतकीचे घट्टे पडले, ते राहत नाही. पण घडीव दगडाच्या तोंडावर टाकीचे बारीक घाव अजून दिसतात. तीच त्यांची सही समजावी.

मच्छिंद्री

आता त्या माशाकडे वळू. नदीवरच्या बांधकामात मासा, मगर, कासव कोरण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पाण्याची ओळख म्हणून, शुभचिन्ह म्हणून, शोभा म्हणून हे आकार घाटांवर व कुंडांवर दिसतात. कोल्हापूरच्या पुलावरील माशाच्या आकाराला लोकांनी 'मच्छिंद्री' म्हटले आणि त्याला शोभेपलीकडचे काम दिले.

त्या काळी नदीकाठच्या माणसाला पाण्याची उंची आकड्यात सांगणारे कोणी नव्हते. रेडिओ नव्हता, तारेची बातमी रयतेपर्यंत येत नव्हती. पण पुलावरचा मासा प्रत्येकाला दिसत होता. पाणी माशाच्या किती खाली आहे, हे अडाण्यालाही कळे. मासा पाण्याला टेकला म्हणजे कोल्हापुरातील सखल पेठांनी सामान वर काढावयाचे, काठच्या गावांनी जनावरे माळावर न्यावयाची, असा न लिहिलेला नियम झाला. पाणी खालच्या अंगाला यावयास वेळ लागतो. त्या वेळात खालच्या गावांनी जागे व्हावयाचे. दगडातला मासा मुका असूनही दवंडी पिटणाऱ्या कोतवालासारखा उपयोगी पडत आला.

आपल्या तालुक्यात अशीच दुसरी खूण नृसिंहवाडीस आहे. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात शिरते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात. भाविकांना ती स्नानाची पर्वणी. पण त्याच वेळी कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूरकडच्या शेतकऱ्याला त्यातून दुसराही अर्थ कळतो. भक्ती आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकाच दगडी उंबरठ्यावर एकत्र आलेल्या आहेत.

तिसरी खूण सांगलीच्या आयर्विन पुलाची. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या काळात कृष्णेवर बांधलेला हा लाल दगडाचा पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्यास मिळाले. मध्यावर नदीच्या पात्रात उतरण्यासाठी वाट ठेवलेला हा देखणा पूल आहे. या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. वारणा कृष्णेला मिळते ती आयर्विन पुलाच्या खाली, हरिपूरजवळ. म्हणजे आयर्विनच्या आकड्यात वारणेचे पाणी धरलेले नाही. आपल्याकडे येते ते कृष्णा अधिक वारणा, त्यात वाडीला पंचगंगा, आणि पुढे दूधगंगा. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला पुढे सरकावयास जागा राहत नाही. ती तुंबते आणि मागे फुगते. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी शिरोळकडे ते दिवसेंदिवस ठाण मांडून बसते.

२००५ च्या पुरात हे सर्वांनी अनुभवले. त्याहून मोठा पूर कोणी पाहिला नाही असे आपण चौदा वर्षे म्हणत होतो. मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. आपल्या तालुक्यातील कितीतरी गावांना पाण्याने वेढले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेले. २००५ ची खूण डोळ्यांपुढे ठेवून ज्यांनी '२००५ ला इथपर्यंत आले नव्हते' म्हणून घर सोडले नाही, त्यांना २०१९ ला पाण्यातून बाहेर काढावे लागले. जुनी खूण सावध करते, पण पाणी तिथेच थांबेल असे वचन ती देत नाही. हे शहाणपण आपल्याला फार महागात मिळाले.

जुना पूल, नवा पूल

पुलाच्या अलीकडील इतिहासात दुःखाचा भाग आहे, तोही टाळता येत नाही.

बैलगाड्यांसाठी बांधलेला पूल पुढे मोटारी, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांचे ओझे वाहू लागला. शंभर वर्षे उलटली, सव्वाशे उलटली. शेजारी नवा पूल हवा हे सर्वांना पटले व काम सुरू झाले. परंतु काठावरची ब्रह्मपुरीची टेकडी ही साधी टेकडी नव्हे. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची काशाची सुबक मूर्ती याच टेकडीत सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या नदीकाठचा व्यापार पार रोमन साम्राज्यापर्यंत पोहोचला होता, याचा तो पुरावा. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ती मूर्ती प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. अशा संरक्षित स्थळापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मनाई झाली. नव्या पुलाचे काम बरेच पुढे गेले असताना या कारणाने अडले आणि जुना पूल आणखी काही वर्षे सारे ओझे वाहत राहिला.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची लहान बस या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा जणांचे प्राण गेले, त्यात लहान मुलेही होती. त्याच्या दीड वर्ष आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला होता आणि दोन एस. टी. गाड्या इतर वाहनांसह अंधारात नदीत गेल्या होत्या. दोन्ही अपघातांची कारणे वेगळी, परंतु प्रश्न एकच उभा राहिला : जुन्या पुलांचे करावयाचे काय?

कोणी म्हणाले, पाडून टाका. कोणी म्हणाले, वारसा आहे, हात लावू नका. दोन्ही टोके बरोबर नाहीत. पुढे शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल पूर्ण होऊन वाहतुकीस खुला झाला आणि जुन्या पुलाच्या खांद्यावरचे जू उतरले. हाच योग्य मार्ग होय. थकलेल्या बैलाला औताला जुंपू नये आणि कसायालाही देऊ नये. त्याने आयुष्यभर काम केले आहे, त्याला दावणीला सुखाने राहू द्यावे, ही आपली शेतकऱ्याची रीत आहे. जुन्या पुलाला ती लागू करण्यास हरकत नसावी.

निगा कशी राखावी

जुने दगडकाम मोडते ते बहुधा निष्काळजीपणाने. पूल असो, घाट असो वा देऊळ असो, शत्रू तेच आहेत.

पहिला शत्रू झाड. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. बोटाएवढे रोप असते तोवर ते मुळासकट उपटता येते. पाच वर्षे दुर्लक्ष केले की मुळे पहारीचे काम करतात आणि गाडाभर वजनाचे दगड सरकवतात. वरवर छाटून उपयोग नाही, तोडले की मूळ आत अधिक जाड होते.

दुसरा शत्रू तुंबलेले पाणी. पुलावरील पाणी बाहेर टाकण्याची भोके मातीने व कचऱ्याने बुजली की पाणी आत मुरते व चुना धुऊन नेते. देवळाच्या छपराचेही तेच.

तिसरा शत्रू चुकीची दुरुस्ती. चुन्याच्या सांध्यावर सिमेंट थापले की ते कडक कवच होते. दगड हलला तर सिमेंट हलत नाही, मग दगडाची धारच फुटते. आत शिरलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही. चुन्याच्या कामाला चुनाच हवा. तैलरंगाचेही तसेच. रंगाने कोरीवकाम बुजते, टाकीचे घाव नाहीसे होतात आणि दगडाचा श्वास कोंडतो.

चौथी गोष्ट डांबराची. दर खेपेस जुन्या थरावर नवा थर टाकीत गेले की रस्ता उंच होतो, पुलावरचे वजन वाढते आणि कठडा मात्र तेवढाच राहतो, म्हणजे वस्तुतः ठेंगणा होतो. दिसावयास किरकोळ वाटणारी ही बाब आहे, परंतु वाहनाला अडवावयाचे काम कठड्यालाच करावयाचे असते.

आणि पाचवी गोष्ट पाण्याखालची. पुराचे पाणी खांबाच्या पायथ्याशी भोवरा करून माती व वाळू उपसते. वर सारे ठणठणीत दिसते आणि खाली पाया उघडा पडलेला असतो. म्हणून दर पुरानंतर पायाची तपासणी हवी.

प्रत्येक गावाची मच्छिंद्री

लेख संपविण्यापूर्वी ग्रामस्थांपुढे आणि दानशूर मंडळींपुढे एक सूचना नम्रपणे ठेवावीशी वाटते.

कोल्हापूरला मच्छिंद्री आहे, वाडीला दक्षिणद्वार आहे, सांगलीला आयर्विनचे आकडे आहेत. आपल्या बहुतेक गावांत मात्र अशी खूण नाही. २००५ ला पाणी कुठवर आले होते, हे आता हाताने दाखवून सांगावे लागते. कोणी म्हणतो चावडीच्या पायरीपर्यंत, कोणी म्हणतो कोनाड्यापर्यंत. २०१९ ची ओल ज्या भिंतींवर उमटली होती, त्या भिंतींना नवा रंग लागला. पाहिलेली माणसे आहेत तोवर आठवण आहे. पुढची पिढी नदीकाठी घर बांधताना, गोठा बांधताना कोणाला विचारणार?

म्हणून प्रत्येक गावाने एक घडीव दगड बसवावा. गावातील सार्वजनिक जागी, सर्वांना दिसेल असा. त्यावर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या पाण्याच्या रेषा साल घालून कोराव्यात. रेषा अंदाजाने न कोरता पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून, माप घेऊन कोराव्यात. दगडाच्या वरच्या अंगाला जागा मोकळी ठेवावी, कारण नदीने आपले शेवटचे माप दाखवून झाले आहे असे कोणी समजू नये. या कामाला फार खर्च नाही. एक पाथरवट, एक दगड आणि दोन दिवसांची मजुरी. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने पाथरवट गावात आलेलाच आहे, त्याच्याकडून हेही काम करून घेता येईल.

दीडशे वर्षांपूर्वी कोणा अनाम पाथरवटाच्या हातून पंचगंगेच्या पुलावर मासा बसला. त्याने तो शोभेसाठी बसवला असेल, चाल म्हणून बसवला असेल. पण त्या माशाकडे पाहून आजवर कितीतरी दावणी वेळेवर सुटल्या, कितीतरी पोरेबाळे उंचावर गेली. आपल्या गावातही तशी एक खूण राहावी, आणि तिच्याकडे बोट दाखवून आजोबांनी नातवाला सांगावे की पाणी इथवर आले होते, घर याच्या वर बांध.